दादांनी सही केली, पण विचारून

‘प्रयोग’ हा शब्द आपल्या घरात दोन तऱ्हांनी येतो. मूल प्रयोगवही लिहीत बसले की आपल्याला कौतुक वाटते. तोच शब्द दवाखान्यात डॉक्टरांच्या तोंडून निघाला की पोटात गोळा येतो. आपल्या माणसावर नव्या औषधाचा प्रयोग, म्हणजे काहीतरी काळेबेरे असणार, असे मन लगेच ठरवून टाकते. आमच्या घरातही तेच झाले. म्हणून चार घरांच्या उपयोगी पडेल असे वाटून हे लिहीत आहे.

माझे थोरले दादा लासलगावच्या कांदा बाजारात मापाडी होते. सारा जन्म काट्यापाशी उभे राहून काढलेला माणूस. २०१९ साली त्यांची पाठ दुखू लागली. कष्टाच्या माणसाची पाठ दुखायचीच, असे म्हणून सात-आठ महिने शेक, मलम आणि दुखणे थांबवण्याच्या गोळ्या यांवर गेले. एका डॉक्टरांनी मणक्याची झीज सांगितली आणि त्याच गोळ्या पुढे चालू ठेवल्या. मग दादांना जिना चढताना धाप लागू लागली. हिमोग्लोबिन सातवर आले, मूत्रपिंडाचे काम मंदावले. तेव्हा नाशिकच्या दुसऱ्या डॉक्टरांनी रक्तातील प्रथिनांची आणि हाडातील मगजाची तपासणी करून घेतली. निदान झाले : मल्टिपल मायलोमा.

हे नाव आमच्यापैकी कोणीच ऐकले नव्हते. हा रक्ताचा कर्करोग आहे. हाडांच्या मगजात प्लाझ्मा नावाच्या पेशी असतात. रोगजंतूंशी लढणारी प्रथिने तयार करणे हे त्यांचे काम. त्यातलीच एक पेशी बिघडते, तिची पिलावळ बेसुमार वाढते आणि निरुपयोगी प्रथिन रक्तात ओतत राहते. त्याने मूत्रपिंड तुंबते, हाडे पोखरली जातात, रक्त कमी होते. उतारवयात पाठदुखी, अशक्तपणा आणि मूत्रपिंडाची तक्रार एकदम दिसली तर ही तपासणी मागून घ्यावी, एवढे तरी वाचकांनी ध्यानात ठेवावे. दुखण्याच्या गोळ्या अशा रोग्याच्या मूत्रपिंडाला आणखी अपाय करतात.

दादांना बोर्टेझोमिबची इंजेक्शने, डेक्सामेथासोन आणि थॅलिडोमाइडच्या कॅप्सूल सुरू झाल्या. त्या वेळी माझी सून गरोदर होती. डॉक्टरांनी बजावून सांगितले, “ह्या कॅप्सूलना गरोदर बाईने हातसुद्धा लावायचा नाही.” वहिनींनी त्या वेगळ्या डब्यात, कुलपात ठेवल्या. दादांच्या तळपायांना मुंग्या येत, पण पाठ मोकळी झाली. अडीच वर्षे ते बाजारात फेरी मारून येत असत.

२०२२ साली रोग उलटला. मुंबईच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, ठरलेले दुसरे उपचार. दुसरी, एका चाचणीत नाव घालणे. त्या चाचणीत काहींना ठरलेले उपचार मिळणार होते आणि काहींना त्याच उपचारांच्या जोडीला एक नवे औषध. हाती मराठीतला जाडजूड संमतीपत्राचा कागद दिला आणि म्हणाले, “घरी न्या, वाचा, मग या.”

वहिनी रात्रभर जाग्या होत्या. सकाळी म्हणाल्या, “ताई, गरिबाच्याच माणसावर का बघतात ओ हे औषध? शेटजीच्या पोरावर बघतील का?”

वहिनी शिकलेल्या नाहीत, पण त्यांचा प्रश्न अडाणी नव्हता. अमेरिकेत अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत, चाळीस वर्षे, उपदंश झालेल्या सुमारे ४०० काळ्या माणसांना नुसते पाहत राहिले. पेनिसिलिन उपलब्ध झाले तरी ते त्यांना दिले नाही आणि खरा रोगही सांगितला नाही. हे काम सरकारी आरोग्य खात्याचे होते. रोग्याला सगळे सांगून त्याची संमती घ्यायचे आजचे कडक नियम अशा पापांतून शिकून आलेले आहेत. भीती बाळगणाऱ्याला हसू नये, त्याच्या भीतीचे उत्तर द्यावे.

पण दुसरी बाजूही मी वहिनींपुढे ठेवली. मी शाळेत विज्ञान शिकवले आहे, वाचायची सवय आहे. १९४७ पासून ह्याच रोगावर युरेथेन नावाचे औषध जगभर देत असत. सुमारे वीस वर्षे डॉक्टर ते भरवशाने लिहून देत होते. शेवटी अमेरिकेत डॉ. हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८३ रोगी घेऊन नीट तुलना केली. काहींना युरेथेन, काहींना नुसते चवीचे सरबत. १९६६ साली निकाल छापून आला. युरेथेनचा काहीच फायदा दिसला नाही, उलट ते घेणारे लवकर गेले. म्हणजे चाचणी केली नाही तर रोगी प्रयोगातून सुटतो असे नाही. त्याच्यावर न मोजलेला, न लिहिलेला प्रयोग चालूच राहतो.

आणि थॅलिडोमाइड? ते औषध १९५७ साली जर्मनीत झोपेचे म्हणून बाजारात आले. गरोदर बायकांनी मळमळीवर घेतले आणि जगभरात दहा हजारांहून अधिक मुले हातापायांनी अधू जन्मली. १९६१ च्या अखेरीस ते जर्मनीत मागे घेतले गेले. पुढे जेरुसलेममध्ये डॉ. शेस्किन यांना कुष्ठरोगाच्या एका वेदनादायी अवस्थेत त्याचा गुण दिसला. १९९७ साली मायलोमा झालेल्या एका तरुण डॉक्टरच्या पत्नीने अनेकांना फोन केले. नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखून कर्करोग आवरता येईल, असे मांडणाऱ्या डॉ. ज्युडा फोकमन यांनी तिला हे औषध सुचवले. अमेरिकेतील आर्कान्सा येथे ते देऊन पाहिले. तिच्या नवऱ्याला गुण आला नाही, तो गेला. पण दुसऱ्या एका रोग्यात रोग झपाट्याने ओसरला. मग ८४ रोग्यांची चाचणी झाली. जवळजवळ सगळ्यांचे इतर उपचार थकलेले होते. सुमारे तिघांत एकाला गुण आला. १९९९ साली डॉ. सीमा सिंघल, डॉ. बार्ट बार्लोगी आणि सहकाऱ्यांनी हा निकाल छापला. २००६ साली अमेरिकेने ह्या रोगासाठी त्याला मान्यता दिली.

दादा भिंतीला टेकून ऐकत होते. म्हणाले, “म्हणजे मी अडीच वर्षं ज्या गोळीवर काढली, ती त्या चौऱ्याऐंशी माणसांनी आधी खाल्ली?”

“हो दादा.”

“मंग मला जाऊन इचारू दे.”

पुढच्या खेपेला दादांनी प्रश्न मांडले. ते जसे विचारले तसे, उत्तरांसह देते.

नवे औषध कोणाला, जुने कोणाला, हे कोण ठरवणार? उत्तर : कोणीही माणूस नाही. संगणक चिठ्ठी काढतो. डॉक्टरांच्या मर्जीवर ठेवले तर तब्येतीने बरे तेवढे एका बाजूला जातील आणि तुलना खोटी पडेल.

जुने आले तर मी फुकट गेलो का? उत्तर : नाही. आज जे चांगले उपचार दिले जातात तेच मिळतील. विनाऔषध कोणाला ठेवणार नाही.

नवे औषधच घातकी निघाले तर? उत्तर : बाहेरच्या तज्ज्ञांची समिती मधूनमधून आकडे तपासते. २०१७ साली पेम्ब्रोलिझुमॅब हे इतर कर्करोगांत नाव कमावलेले औषध मायलोमात जोडून पाहत होते. एका चाचणीत नव्या औषधाच्या गटात १९ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात ९. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या चाचण्या थांबवल्या.

अपाय झाला तर खर्च कोणाचा? उत्तर : २०१९ च्या आपल्या देशाच्या नियमांनुसार चाचणीत इजा झाली तर औषधोपचार मोफत करावे लागतात. चाचणीमुळेच इजा किंवा मृत्यू झाल्याचे ठरले तर भरपाई द्यावी लागते. आपल्याकडे चाचण्यांत माणसे दगावली, तेव्हा २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. त्यानंतर हे नियम कडक झाले.

मधेच नको वाटले तर? उत्तर : केव्हाही बाहेर पडता येते. कारण सांगावे लागत नाही आणि पुढचे उपचार अडत नाहीत.

शेवटी दादांनी लासलगावहून मुंबईला यायचे भाडे विचारले. तरुण डॉक्टर थोडे हसले. दादा हसले नाहीत. दर खेपेला दोघांचे भाडे आणि सोबत येणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज, हा आमच्यासारख्यांच्या घरात औषधाइतकाच मोठा प्रश्न असतो. भाडे मिळेल असे कागदावर लिहून घेतले, मगच सही केली.

चिठ्ठी जुन्या उपचारांची निघाली. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. “बघा, आपलं नशीबच असं.” दादा म्हणाले, “अगं, एका पारड्यात माप ठेवल्याबिगर दुसऱ्यातल्या मालाचं वजन कसं कळंल? त्यांनी मला माप केलंय.” तीस वर्षे कागद वाचून मला जे सोप्या शब्दांत सांगता आले नसते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

पुढचे चौदा महिने त्यांना बरे गेले. मग रोग पुन्हा वर आला. २०२४ च्या पावसाळ्यात दादा गेले. नवे औषध मिळाले असते तर, हा विचार वहिनींच्या मनात येतो. माझ्याही येतो. त्याला उत्तर नाही, आणि खोटे उत्तर देऊन मी त्यांचे समाधान करत नाही. नवे म्हणजे चांगलेच, हे आधीच ठाऊक असते तर चाचणी करायचीच गरज नव्हती, एवढेच मी त्यांना सांगते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेत हा रोग गोऱ्यांपेक्षा काळ्या लोकांत सुमारे दुप्पट होतो. पण तिथल्या चाचण्यांत काळ्या रोग्यांचे प्रमाण फारच कमी राहिले. मग ज्यांना रोग जास्त, त्यांना औषध कसे लागू पडते हे कळायचे कसे? रोग्याच्याच पेशी बदलून परत देण्याचे नवे कार-टी उपचार तिथे २०२१ साली ह्या रोगासाठी मान्य झाले. त्यांची किंमत चार लाख डॉलरांहून अधिक. चाचणीच्या धोक्यात गरीब आणि फळाच्या वाटपात श्रीमंत, असे होऊ नये म्हणून प्रश्न विचारले पाहिजेत. घाबरून दूर राहिलो तर आपण मोजणीतही नसू आणि वाटपातही नसू.

तेव्हा बंधू-भगिनींनो, आपल्या घरी असा कागद आला तर फाडू नका आणि डोळे मिटून अंगठाही उठवू नका. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून तो मोठ्याने वाचून घ्या. चाचणीची सरकारी नोंद झाली आहे का, नोंदणी क्रमांक काय, नैतिकता समितीची मान्यता आहे का, हे विचारा. सही केल्यावर कागदाची प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील का, तेही आधीच विचारा. आणि उत्तर समजले नाही तर पुन्हा विचारा. समजावून सांगायला डॉक्टरांना वेळ लागला तर लागू द्या. सही आपली आहे, शरीर आपले आहे.