खानदेशाची राजधानी

आम्हां खानदेशी माणसांना प्रवासाची आवड नाही असे कोणी म्हटले, तर ते खरे नव्हे. आम्ही पुष्कळ प्रवास करतो. लग्नाला जातो, दशव्याला जातो, चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जातो, आणि लेकीच्या बाळंतपणाची वर्दी आली तर रात्रीची शेवटची एस. टी. धावत गाठतो. फक्त काही काम नसताना, नुसते पाहायचे म्हणून घराला कुलूप लावणे आम्हांला जमत नाही. कोणी लावलेच, तर शेजारी विचारतात, "तिकडे कोण असतं तुमचं?" आणि "कोणी नाही" हे उत्तर ऐकून त्यांच्याच चेहऱ्यावर काळजी दिसू लागते.

आमच्या संसाराला तेवीस वर्षे झाली. तेवढ्या काळात आम्ही दोघे बिनकामाचे असे एकदाही कोठे गेलो नव्हतो. गेल्या होळीला शाळेची सुट्टी जोडून आली, आणि त्याच सुमारास माझ्या दुसऱ्या कादंबरीचे मानधन हाती पडले. ते किती होते हे सांगून मी माझ्या प्रकाशकाला आणि मराठी वाचकाला अवघडवू इच्छीत नाही. त्यात आग्रा बसत नव्हते, बऱ्हाणपूर बसत होते, एवढेच सांगतो.

सौ.ला ताजमहाल पाहायचा होता. लग्नात आहेर म्हणून आलेला काचेच्या पेटीतला ताजमहाल ती तेवीस वर्षे पुसत आली आहे. मी म्हटले, "ताज जिच्यासाठी बांधला ती मुमताज वारली बऱ्हाणपुरात. तिची पहिली कबर तिथलीच. आधी ती पाहू."

"सहलीला निघायचं आणि कुणी मेलं ती जागा बघायची?" सौ. म्हणाली. पण दोन दिवसांनी तिनेच बॅग काढली. कारण निराळे होते. थोरलीला चौथा महिना संपत आला होता. "पुढं मला हलता यायचं नाही. जायचं तर आत्ताच," असे ती म्हणाली.

थोरली आमची, पण सौ.च्या पोटची नव्हे. सौ.ची वडील बहीण अनेरकाठच्या एका खेड्यात दिली होती. श्रावणातली रात्र, नदीला पूर, आणि दवाखाना पलीकडे. पाणी ओसरून गाडी निघाली तेव्हा उशीर झाला होता. पोर जगली. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झाले नव्हते; सौ. बाराव्याला गेली ती कडेवर मूल घेऊनच परतली. त्यानंतर या विषयावर आमच्या घरात फारसे बोलणे झालेले नाही.

धुळ्याहून जळगावला एस. टी.ने आणि पुढे रेल्वेने आम्ही निघालो. भुसावळ सोडले की गाडी तापी ओलांडते, आणि मग सावदा, निंभोरा, रावेर असा केळीचा मुलूख लागतो. मास्तराबरोबर प्रवास करणाऱ्याला इतिहास ऐकावाच लागतो; तो मी रावेरपर्यंत सांगून संपवला. वाचकांसाठी थोडक्यात सांगतो.

आपल्या खानदेशाला एके काळी स्वतःचे राज्य होते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस मलिक राजा फारुकी याने तापीकाठच्या थाळनेरला ते मांडले. ते थाळनेर आज धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात आहे. तेथे फारुकींच्या कबरी अजून उभ्या आहेत. त्याचा मुलगा नसीरखान याने अशीरगडचा किल्ला घेतला आणि तापीच्याच काठी, पण वरच्या अंगाला, नवी राजधानी वसवली. बुऱ्हाणुद्दीन या अवलियाच्या नावावरून तिचे नाव बऱ्हाणपूर पडले. दोनशे वर्षे हे घराणे टिकले. 1601 च्या जानेवारीत अकबराने अशीरगड घेतला, तेव्हा ते संपले. पुढे 1818 साली खानदेश इंग्रजांकडे गेला आणि ब्रिग्ज साहेबाने जिल्ह्याचे ठाणे धुळ्याला केले. बऱ्हाणपूर मात्र शिंद्यांकडे राहिले. आज ते मध्य प्रदेशात आहे. घर एकाच्या वाट्याला जावे आणि अंगण दुसऱ्याच्या, तशी ही वाटणी झाली.

"म्हणजे आपण आपल्याच राजधानीला पाहुणे," सौ. म्हणाली आणि डब्यातले दशम्यांचे गाठोडे सोडले.

गावात पहिल्यांदा पाहिली ती जामा मशीद. बाजाराच्या गर्दीत काळ्या दगडाची ही इमारत दोन उंच मिनार घेऊन उभी आहे, पण तिला घुमट नाही. राजा अलीखान ऊर्फ आदिलशाह फारुकी याने ती बांधली. आत भिंतीवर अरबी लेखाबरोबर संस्कृत लेख आहे. त्यात फारुकींची वंशावळ आहे आणि शके 1511, म्हणजे इसवी सन 1590, अशी मिती दिली आहे. मशिदीत देवनागरी अक्षरे पाहून मी जरा वेळ थांबलो. आपल्या प्रजेला समजेल अशा रीतीने काळ मोजावा, असे त्या राजाला वाटले असेल काय? सौ.ने शके वाचले आणि म्हणाली, "आपल्या पंचांगासारखंच की!" माझ्या सगळ्या तर्कापेक्षा ते बरे होते.

शाही किल्ला तापीच्या काठावर आहे. बराचसा ढासळला आहे. शाबूत आहे तो हमामखाना. त्याच्या छतावरची रंगीत नक्षी मान दुखेपर्यंत पाहावी. खाली नदी संथ वाहत होती. मिर्झा राजा जयसिंग याच गावी 1667 साली वारला. पुरंदरचा तह करून आपल्या इतिहासात आलेला हा माणूस दक्षिणेतून परतीच्या वाटेवर येथेच संपला. संभाजी महाराजांनी राज्यावर येताच बऱ्हाणपूर लुटले, ते 1681 साली. मी हे सांगत होतो आणि सौ. घाटावर कपडे धुणाऱ्या बायांशी बोलत होती. "हेच पाणी पुढं थाळनेरला जातं ना?" तिने मला मध्येच विचारले.

खरी रमली ती दुसऱ्या दिवशी, कुंडी भंडाऱ्यावर. स्टेशन लालबागेत आहे आणि हा भंडारा तेथून जवळच. 1615 साली अब्दुर्रहीम खानखाना सुभेदार असताना इराणी जाणकाराच्या सल्ल्याने हे काम झाले. हिंदी दोहे लिहिणारा रहीम तो हाच. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि आतल्या आत तापीकडे झिरपत जातो. ते पाणी वाटेतच अडवून, जमिनीखाली बोगदा खणून, नुसत्या उतारावर गावात आणले आहे. मोट नाही, रहाट नाही. बोगद्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या ठेवल्या आहेत. त्या शंभरावर आहेत. त्यांतून हवा जाते, उजेड जातो, आणि गाळ काढायला माणूस उतरू शकतो. चारशे वर्षांनंतरही आत पाणी वाहते आहे. 2024 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत या भंडाऱ्याचे नाव गेले.

सौ. कुंडीच्या कठड्यावर वाकली. खालून गारवा वर येत होता. आमच्या गल्लीत नळ कधी येईल याचा भरवसा नसतो; तिने आयुष्यातल्या कितीतरी पहाटा हंडे मांडून काढल्या आहेत. ती एरवी माझ्याशी पुस्तकी मराठी बोलते. त्या वेळी माहेरची अहिराणी तोंडात आली. "आठे पानी शे!" ती म्हणाली. मग बराच वेळ तेथून हलली नाही. "बांधायचं तर असं बांधावं," एवढे बोलून ती उठली.

संध्याकाळी तापी ओलांडून झैनाबादला गेलो. तेथे आहूखाना, म्हणजे बादशहाचे हरणांचे बन होते. आता भोवती शेते आहेत आणि मध्ये मोडकळीला आलेल्या भिंती. एक म्हातारा राखणदार आपण होऊन माहिती सांगू लागला. शहाजहान दक्षिणेच्या मोहिमेवर येथे होता. 17 जून 1631 रोजी मुमताज बाळंतपणात गेली. सहा महिने तिचा देह येथे ठेवला आणि डिसेंबरात आग्र्याला नेला. "कितना प्यार था!" असे म्हणून त्याने सांगणे संपवले.

"कितवं बाळंतपण?" सौ.ने मला विचारले.

"चौदावं. एकोणीस वर्षांत चौदा. त्यांतली सात मुलं जगली."

ती काही बोलली नाही. तेव्हा मीच पुढे सांगितले. ज्या सालात मुमताज गेली त्याच सालात खानदेशात आणि गुजराथेत भयंकर दुष्काळ होता. 1630 च्या अखेरीस पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी सुरतेहून नंदुरबारवरून बऱ्हाणपुरास आला. वाटेवर पडलेली प्रेते त्याने आपल्या रोजनिशीत नोंदून ठेवली आहेत. बादशहाने बऱ्हाणपुरात लंगर उघडले, पण लंगरापर्यंत पोहोचले कोण? आपल्याच गावांतल्या बाया त्या वर्षी बाळंत झाल्या असतील, त्यांची कबर कोठेही नाही.

"आणि ती पोर?" सौ.ने विचारले. "तिचं काय झालं?"

राखणदाराला ठाऊक नव्हते. सुदैवाने मला ठाऊक होते. "गौहरआरा नाव. चांगली पंचाहत्तर वर्षं जगली. 1706 साली वारली."

"वाढवली कुणी?"

"दायी असतीलच. पण आई गेली तेव्हा थोरली बहीण जहानआरा सतरा वर्षांची होती. घरचा सगळा कारभार तिच्याकडेच आला."

"म्हणजे बहिणीनंच," सौ. म्हणाली. मग पदर डोक्यावर घेऊन तिने त्या रिकाम्या जागेला नमस्कार केला. तो मुमताजला होता की अनेरकाठी गेलेल्या बहिणीला, हे मी विचारले नाही.

रात्री लॉजवर ती जागीच होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "थोरलीचं सासर सातपुड्याच्या पायथ्याला. मध्ये नाला. पहिलं बाळंतपण आमच्याकडेच करू, असं तिच्या सासूबाई म्हणतात. माणसं चांगली आहेत. म्हणूनच माझ्यानं नाही म्हणवलं नाही."

"मग?"

"ताईच्या सासरची माणसंही चांगलीच होती हो."

एवढे बोलून ती उठून बसली. बावीस वर्षांत तिने त्या रात्रीबद्दल जे सांगितले नव्हते ते सगळे सांगितले. पुरात टॉर्च घेऊन उभी राहिलेली माणसे, पलीकडून येणाऱ्या हाका, बहिणीने मागितलेले पाणी. मी ऐकत राहिलो. पहाटे तिने विहीणबाईंना फोन लावला आणि सरळ सांगितले, "सातव्या महिन्यात, पावसाच्या आधी, पोर मी धुळ्याला आणणार. तुम्ही पण या, महिनाभर राहा." पलीकडून क्षणभर काही ऐकू आले नाही. मग सौ.च्या चेहऱ्यावरून मला उत्तर कळले.

निघताना बाजारातून लेकीसाठी दराबा घेतला आणि आमच्यासाठी माव्याची जिलबी. ती रावेर येण्यापूर्वीच संपली.

जेठात थोरली धुळ्याला आली. श्रावणात, भर पावसात, दवाखाना घरापासून पाच मिनिटांवर असताना, तिला मुलगी झाली. मायलेकी सुखरूप आहेत. विहीणबाई महिनाभर म्हणून आल्या होत्या, त्या दोन महिने राहिल्या, आणि त्यांच्या हातची डिंकाची लाडवे खाऊन माझेही वजन वाढले. काचेच्या पेटीतला ताजमहाल सौ.ने बाळाचा हात पोहोचेल म्हणून कपाटावर नेऊन ठेवला आहे. त्यावर थोडी धूळ साचलेली दिसते. पण या दिवाळीत ती पुसायला घरात कोणाला सवड आहे?