डाव्या दारावरचा डाग

आमचे बाबा टॅक्सी चालवीत. काळ्या अंगाची आणि पिवळ्या छताची त्यांची प्रीमियर पद्मिनी म्हणजे आमच्या घरातील एक माणूसच होती. रोज सकाळी बादलीभर पाणी आणि दोन फडकी घेऊन बाबा तिला आंघोळ घालीत. कोरडे फडके हाती धरण्याचा मान आम्हा दोघा भावांना मिळाला तो वयाची दहा वर्षे उलटल्यावर. २००६ साली ती भंगारात गेली. मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सीही वीस वर्षांची मर्यादा संपल्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून दूर झाली, तेव्हा बाबांनी ती बातमी दोनदा वाचली, वर्तमानपत्राची घडी करून उशीखाली ठेवली आणि ते काहीच बोलले नाहीत. पुढच्या नाताळाला त्यांना त्यांची टॅक्सी परत द्यायची, असे आम्ही त्या दिवशी ठरविले.

परत द्यायची म्हणजे अर्थातच प्रतिकृती. जुन्या वस्तूंच्या दुकानात आम्हांला फियाट ११०० डी गाडीची धातूची प्रतिकृती मिळाली. पद्मिनी ही याच गाडीची लेक. माप १:४३, लांबी जेमतेम ९ सेंटिमीटर. रंग मात्र निळा, तोही पोपडे आलेला. तो खरवडून काढावा आणि नवा मारावा, एका रविवारचे काम, असा आमचा समज होता. त्या कामाने आमचे आठ महिने घेतले.

लहान वस्तू रंगविणे सोपे, हा भ्रम प्रथम गळून पडला. अर्ध्या मिलिमीटरचा धुळीचा कण खऱ्या मोटारीवर दिसणारही नाही. परंतु १:४३ मापाच्या गाडीवर तो साडेएकवीस मिलिमीटरचा, म्हणजे सुपारीएवढा खडा होऊन बसतो. वस्तू जितकी लहान, तितका दोष मोठा.

छत आधी रंगविले. पिवळा रंग दुबळा. खालचा रंग तो झाकू शकत नाही. म्हणून पांढऱ्या प्रायमरवर पिवळा, आणि काळा सर्वांत शेवटी, हा क्रम बरोबर होता. चुकला तो महिना. मे महिन्याच्या भर दुपारी, तापलेल्या गच्चीवर, आम्ही डबा हातभर लांब धरून फवारा मारला. रंगाचे थेंब वाटेतच अर्धे सुकले आणि छतावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा आला. दुसऱ्या खेपेस घाबरून डबा फार जवळ नेला, तर मागच्या काचेच्या वर ओघळ आला. तो ओला असतानाच धाकट्याने बोटाने टिपला आणि ओघळाच्या जागी अंगठ्याचा ठसा उमटला.

पहिला धडा तेथे मिळाला. ओल्या रंगातील दोषाला हात लावू नये. त्याला आठवडाभर पुरता वाळू द्यावा. मग २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा. कडांवर मात्र फिरवू नये, कारण रंग तेथेच सर्वांत पातळ बसतो. पुढचा हात द्यावा तो १५ ते २० सेंटिमीटरांवरून, फवारा गाडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा, आणि एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर द्यावेत. त्याआधी गाडी साबणाने धुवावी आणि नंतर हातमोज्यांशिवाय धरू नये. बोटांचे तेल राहिले तेथे रंग मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात.

छत साधले. मास्किंग टेप लावून, तिच्या कडेवर आधी पिवळ्याचाच एक पातळ हात दिला, म्हणजे कडेखाली झिरपायचे ते पिवळेच झिरपेल. मग काळा मारला. तोवर जुलै उजाडला होता आणि बाहेर धार लागली होती. दहा मिनिटांत चकचकीत काळ्या रंगावर राखेसारखी पांढुरकी छटा पसरली, आणि ती नेमकी डाव्या दारावर सर्वांत गडद होती.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. हा डाग आम्ही ओळखत होतो.

१९८६च्या जुलैत आम्ही दोघे एका सायकलवर बसून अंगणात शिरलो आणि हँडलने टॅक्सीचे डावे दार वीतभर खरवडले. कोणी पाहिले नव्हते. आम्ही बोललो नाही. स्टँडवर कोणीतरी घासले असेल, असे बाबा म्हणाले. धंद्याचा एक दिवस बुडवून त्यांनी रस्त्यावरच्या रंगाऱ्याकडून भर पावसात तो ओरखडा झाकून घेतला. तेथे जो पांढुरका डाग पडला, तो वीस वर्षे, गाडी भंगारात जाईपर्यंत राहिला. लॅकरमधील थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर जमते आणि रंगात अडकते, हे कारण आम्हांला आता कळले.

उपाय आहे, पण घाईचा नाही. आम्ही गाडी डब्यात ठेवून नोव्हेंबरची कोरडी हवा येईपर्यंत थांबलो. मग उशिरा सुकणाऱ्या थिनरचा धुक्यासारखा विरळ हात दिला. रंग किंचित मऊ होऊन आतली ओल बाहेर पडली आणि काळा पुन्हा काळा झाला.

नाताळाच्या सकाळी बाबांनी गाडी तळहातावर घेतली. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी अंगठा छतावरून फिरविला, मग डाव्या दाराशी थांबले.

"इथला डाग कुठं गेला?"

"काढला, बाबा."

"मग सायकलचंही सांगून टाका आता." ते हसले. "ब्रेकच्या मुठीला काळा रंग लागला होता, तो मीच रॉकेलनं पुसला. तुमच्या आईला दिसला असता, तर तुमची धडगत नव्हती."

"तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो."

आम्ही सांगितले. अडतीस वर्षांनी, पन्नाशीच्या आसपासचे दोन पुरुष, मान खाली घालून. बाबांनी सगळे ऐकून घेतले, खिशातला रुमाल काढला आणि गाडीवर न बसलेली धूळ पुसली. मग रुमाल आमच्यापुढे धरला. तो कोरडा होता.