रांदेरचा खावसा

सुरतेचे स्टेशन आले की मराठी प्रवाशास १६६४ सालची शिवाजी महाराजांची स्वारी आठवते. मला मात्र आठवतो तो वाडगाभर खावसा आणि दादाच्या पिशवीतला पाव. एका धर्मगुरूच्या या जिव्हालौल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

गुरुदीक्षा झाली त्या वर्षी मी येथे प्रथम आलो. माझे थोरले बंधू तेव्हा येथील एका कापड कारखान्यात नोकरीस होते. दुपारी त्यांनी मला तापीपलीकडे रांदेरला नेले. रांदेर हे सुरतेहूनही प्राचीन बंदर. १५३० मध्ये पोर्तुगीजांनी ते जाळले होते. पुढच्या काळात येथील सुन्नी व्होरा व्यापारी ब्रह्मदेशी गेले. रंगूनमध्ये त्यांनी पेढ्या घातल्या, मशीद उभारली. डिसेंबर १९४१ मध्ये त्या शहरावर जपानी बॉम्ब पडू लागले, तेव्हा असंख्य हिंदी कुटुंबे जीव मुठीत धरून निघाली. जी राहिली वा परत गेली, त्यांच्यापैकीही पुष्कळांना १९६२ च्या लष्करी सत्तेनंतर, दुकानांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा, मायदेशाची वाट धरावी लागली. मालमत्ता तिकडेच राहिली. रांधण्याची रीत तेवढी सोबत आली.

ब्रह्मी भाषेत ‘खाउक-स्वे’ म्हणजे शेवया. सुरतेत त्याचा ‘खावसा’ झाला. नारळाच्या दुधात बेसन लावून केलेला दाटसर रस्सा उकडलेल्या शेवयांवर ओततात; वर तळलेला कांदा व लसूण, लाल तिखट, कुरकुरीत शेव आणि लिंबाची फोड. प्रत्येकाने आपल्या जिभेप्रमाणे कालवून घ्यावे. मूळ पदार्थात कोंबडी असते. सुरतेने तो शाकाहारीही करून टाकला आहे.

आता पावाविषयी. खावशाबरोबर पाव कोणी खात नाही. पण दादा पडला वसईचा. पावावाचून त्याच्या घशाखाली रस्सा उतरत नसे. तो दोटीवालांच्या बेकरीतून पाव घेई, त्याच्या कापांना लोणी व हिरवी चटणी लावी आणि ते जोडकाप बिनदिक्कत हॉटेलच्या बाकावर मांडी. या पारशी घराण्याच्या बेकरीवर १८६१ हे साल असते. डच वखारीच्या भट्टीचा हा वारसा, असे सांगतात. पूर्वी तेथे पीठ ताडीने फुगवीत; शिळा पाव वाळवता वाळवता सुरती बिस्किटे जन्मली. आमच्या वसईकडेही पिठाला ताडीमाडीच लागे. त्यामुळे पहिल्याच घासाला मला आईची आठवण झाली, आणि दादाने तोंड फिरवले, ते मी पाहिले.

त्यानंतर वर्षातून एकदा तरी आमची ही मेजवानी होई. मग वडील वारले आणि वाडीचा प्रश्न निघाला. दादाला विकायची होती. मी सही दिली नाही. दोन्ही बाजूंनी पत्रे गेली. त्याच्या शेवटच्या पत्रात ‘बाबू’च्या जागी ‘आदरणीय फादर’ असे लिहिले होते. त्यावर नऊ वर्षे लोटली. रविवारी व्यासपीठावरून समेटाविषयी बोलताना माझी जीभ किती वेळा अडखळली, हे माझे मलाच ठाऊक.

गेल्या महिन्यात मी पत्र टाकले. त्यात वाडीचा उल्लेख केला नाही. फक्त तारीख लिहिली आणि ‘दुपारी, रांदेरला’ एवढेच.

हॉटेलात शिरलो. बाक नवे होते, भिंतींना फरशी लागली होती. दादा कोपऱ्यात बसला होता. केस पांढरे, हात थोडा कापत होता. समोर कागदाचे पुडके. त्याने काही न बोलता ते सोडले. चार जोडकाप होते, दोघांना पुरतील असे.

“तिखट बेताने घाल,” मी म्हणालो.

“तुला रे काय झाले?”

“मला नाही, तुला. वहिनीने पत्रात कळवले आहे.”

तो हसला. रस्सा पूर्वीपेक्षा पातळ वाटला. की माझीच जीभ बदलली, कोण जाणे. पाव मात्र तोच. जेवण संपत आले तेव्हा वाडग्यातली नजर न उचलता त्याने विचारले, “बाबू, विहिरीला पाणी असते का रे अजून?”

“मे अखेरपर्यंत असते.”

त्याने पोऱ्याला हाक मारून आणखी एक वाडगा मागवला आणि अर्धा माझ्याकडे सरकवला.