सलाम कुणाला, मागणं कुणाकडे

लाडक्या भाच्या,



तुला पुण्याला जाऊन आठ दिवस झाले. मौलूदाच्या रात्री मी तुला काहीच बोलले नाही. घरात पाहुणे होते आणि माझाही आवाज चढला असता. आज शाळेला सुट्टी आहे, दादी निजली आहे, म्हणून लिहायला बसले.

रबीउल अव्वलच्या बाराव्या रात्री आपल्याकडे मौलूद होता. ओटीवर पुरुष, माजघरात आम्ही बायका. लोबानाचा धूर, खिरीचं पातेलं नुकतंच उतरवलेलं, आणि दादी भिंतीला पाठ टेकून बसलेली, मांडीवर तिची खाकी पुठ्ठ्याची वही. हुजूर पैगंबरांच्या जन्माचा भाग आला, सगळे उभे राहिले, सलाम सुरू झाला, आणि तू ओटीवरून उठून मागल्या दारी निघून आलास. सलाम संपल्यावर दादी तुझ्यासाठी खिरीची वाटी घेऊन आली, तर तू म्हणालास, "दादी, जे या जगात नाहीत त्यांना अशी हाक मारणं हा शिर्क आहे." तिने वाटी चुलीच्या कट्ट्यावर ठेवली. त्या रात्री तिने स्वतःही खीर खाल्ली नाही.

शिर्क म्हणजे अल्लाहच्या बरोबरीला दुसऱ्या कुणाला बसवणं. आपल्या धर्मात त्याहून मोठा गुन्हा नाही. जन्मभर दिवसातून पाच वेळा एकाच अल्लाहपुढे कपाळ टेकणाऱ्या म्हाताऱ्या बाईला तो शब्द लावण्याआधी ती काय म्हणते आणि कुणाकडे मागते, एवढं तरी विचारायचं होतंस.

तुझी भीती खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ती भीती खुद्द हुजूरांना होती. मरियमच्या मुलाला लोकांनी जसं चढवून ठेवलं तसं मला चढवू नका, मला अल्लाहचा बंदा आणि त्याचा रसूल म्हणा, असं त्यांनी बजावल्याचं हजरत उमर सांगतात. हुजूर गेले त्या दिवशी मदिनेत अनेकांचा विश्वासच बसत नव्हता. तेव्हा हजरत अबू बक्र उभे राहिले आणि म्हणाले, जो मुहम्मदांची इबादत करत होता त्याने ऐकावं, मुहम्मद वारले. जो अल्लाहची इबादत करतो त्याचा अल्लाह जिवंत आहे. ज्या माणसावर त्यांनी जिवापाड प्रेम केलं त्याच्याच मृत्यूच्या दिवशी ते हे बोलू शकले. तौहीद, अल्लाह एकच ही श्रद्धा, जपायची तुझी धडपड त्याच वाटेवरची आहे, आणि मला ती मनापासून आवडते.

पण तू बुखारींचा हदीससंग्रह वाचतोस, तर त्यातला लग्नघरातला प्रसंगही वाच. रुबय्यिअ बिन्त मुअव्विज यांच्या लग्नात हुजूर आले होते. लहान मुली दफ वाजवून बद्रच्या लढाईत पडलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांची गाणी म्हणत होत्या. हुजूरांना पाहून एकीने गाण्यात नवी ओळ घातली: उद्या काय घडणार हे जाणणारा नबी आपल्यात आहे, अशा अर्थाची. हुजूर म्हणाले, ते सोड, आधी जे म्हणत होतीस ते म्हण.

मी हा प्रसंग कितीदा वाचला असेन. त्यांनी मुलींना गप्प केलं नाही, दफ बंद पाडला नाही, कुणाला शिर्क करणारी म्हटलं नाही. गाण्यातून एक ओळ काढली आणि गाणं पुढे चालू दिलं. ती ओळही कोणती, तर उद्याचं ज्ञान, जे फक्त अल्लाहकडे आहे, ते नबीच्या पदरात टाकणारी. सगळा वाद त्या लग्नघरातच मिटलेला आहे असं मला वाटतं.

स्तुतीची त्यांना मनाई नव्हतीच. कवी हस्सान बिन साबित यांच्यासाठी मशिदीत मिंबर ठेवला जायचा. कअब बिन जुहैर, जो आधी त्यांच्याविरुद्ध कविता करायचा, त्याने समोर उभं राहून कसीदा, म्हणजे स्तुतिकाव्य, म्हटला तेव्हा त्यांनी अंगावरची चादर त्याला दिली.

आता तुझा खरा आक्षेप. स्तुती चालेल, पण 'या रसूल', म्हणजे 'हे रसूल', अशी हाक का? जे हयात नाहीत त्यांच्याशी समोर असल्यासारखं का बोलायचं?

तू दिवसातून पाच वेळा नमाज पढतोस. दर वेळी बैठकीत अत्तहिय्यात म्हणताना 'अलैका' म्हणतोस ना? 'त्यांच्यावर' असं नाही, 'तुमच्यावर सलाम, हे नबी'. इबादतीच्या ऐन गाभ्यात, अल्लाहशिवाय कुणाकडे बघायचं नाही अशा जागी, हुजूरांना समोर धरून सलाम केला जातो. तू म्हणशील, इब्न मसऊद सांगतात की हुजूर गेल्यावर आम्ही 'नबींवर सलाम' असं म्हणू लागलो. बरोबर आहे, तेही बुखारीतच आहे. पण मुवत्ता या हदीससंग्रहात हजरत उमर मिंबरवरून लोकांना हीच अत्तहिय्यात शिकवताना दिसतात, आणि त्यांच्या तोंडी 'अलैका'च आहे. तेव्हा हुजूर जाऊन काही काळ लोटला होता. दोन्ही वाटा हुजूरांच्या सोबत्यांच्या, सहाबांच्याच. उमरांवर कुणी शिर्काचा आळ घेतला नाही.

आणि हाक म्हणजे इबादत नव्हे, हे आपली बोलीच सांगते. ठेच लागली की आपण 'आई गं' म्हणतो. जिची आई वीस वर्षांपूर्वी दफन झाली तीही म्हणते. जात्यावर दळणारी बाई कोसावरच्या भावाशी बोलायची. विजापूरकडच्या सूफींनी तर त्याच जात्यासाठी दखनीत चक्कीनामे रचले, बायकांनी दळता दळता अल्लाह-रसूलचं नाव घ्यावं म्हणून. तुझे दादा जहाजावर असायचे, वर्षातले दहा महिने. मी लहान होते तेव्हा पावसाळ्यात कौलं गळायला लागली की दादी पातेली मांडत चुलीपुढे पुटपुटायची, "बघा हो, यंदाही गळतंय." दादा तेव्हा कुठल्या बंदरात असतील हे तिलाही ठाऊक नसायचं. ते ऐकतायत असं तिला वाटत नव्हतं. तिला बोलल्याशिवाय राहवत नव्हतं.

तू गेल्यावर मी तिला विचारलं, "अम्मी, सलाम म्हणताना तू कुणाकडे मागतेस?" तिला प्रश्नच नवा वाटला. म्हणाली, "मागते अल्लाहकडे. सलाम पाठवते हुजूरांना. फरिश्ते पोचवतात." फरिश्त्यांनी सलाम पोचवल्याची हदीस नसाईंच्या संग्रहात आहे. ती तिने वाचलेली नाही, तिच्या वडिलांकडून तिला ती समजली होती.

स्तुतीची सगळीच गीतं अशी हद्द पाळत नाहीत, हे मी कबूल करते. इमाम बूसीरींचा कसीदा बुर्दा घे. तेराव्या शतकातला मिसरचा हा कवी, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला. त्याने एकशे साठेक शेरांचा कसीदा रचला, आणि स्वप्नात हुजूरांनी त्याच्यावर चादर घातली, तो बरा झाला, अशी त्याची स्वतःची हकीकत आहे. शतकानुशतकं तो मोरोक्कोपासून मलायापर्यंत म्हटला गेला. मनाची खोड सांगणारा त्यातला भाग वाचताना आजही माझे डोळे भरतात. पण शेवटाकडे एक जागा अशी आहे की विधिलिखिताचं ज्ञान हुजूरांच्या ज्ञानात धरल्यासारखं होतं. नज्दच्या मुहम्मद बिन अब्दुल वहाब यांच्या परंपरेतल्या आलिमांनी बुर्द्यावर हरकत घेतली ती अशाच जागांवर. बचाव करणारे म्हणतात, ते ज्ञान अल्लाहनेच दिलेलं. असेलही. पण पोरंबाळं अर्थ न कळता म्हणतात ते गीत अशा खुलाशावर टेकलेलं असू नये. लग्नघरातल्या त्या मुलीची ओळही अशीच होती. इथे मी तुझ्या बाजूची आहे. मूल दे, आजार घालव, असं थेट हुजूरांकडे मागणाऱ्या नाती, म्हणजे हुजूरांची स्तुतिगीतं, अलीकडे लाउडस्पीकरवर ऐकू येतात, तिथेही.

तुला ज्या बुजुर्गांचा आदर आहे त्या देवबंदच्या थोर आलिमांचे पीर, हाजी इमदादुल्लाह मुहाजिर मक्की, यांनी 'फैसला हफ्त मसला' नावाची छोटी पुस्तिका लिहिली. त्यातल्या सात वादांत मौलूद आहे आणि ही हाक मारण्याची बाबही आहे. त्यांनी हाक मारणाऱ्याची श्रद्धा काय, हेतू काय, ते पाहून भेद केला. ओढीने मारलेली हाक वेगळी, आणि समोरचा स्वतःच्या सामर्थ्याने सगळं ऐकतो असं मानून मारलेली वेगळी.

उर्दू कवी हालींचंही तसंच. त्यांच्या १८७९ च्या 'मुसद्दस'मध्ये हुजूरच बजावतात की माझा दर्जा हद्दीबाहेर नेऊ नका. पुढे त्याला जोडलेल्या आर्जवात तेच हाली हुजूरांना उद्देशून बोलतात, आणि मागतात काय, तर उम्मतसाठी दुआ करा एवढंच. एकाच पुस्तकात हद्दही आहे आणि हाकही.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. काल मी दादीची वही उघडली. तिच्या वडिलांनी बोरूने लिहिलेली, पानं पिवळी पडलेली. एका नातीच्या दोन शेरांभोवती पेन्सिलीने चौकट आहे आणि बाजूला मोडीत लिहिलंय, 'हे म्हणू नये'. मी दादीला दाखवलं तर म्हणाली, "अब्बांनी मी लहान असतानाच सांगितलं होतं. ते मी कधी म्हणतच नाही." त्या रात्री तू मागल्या दारी उभा होतास तेव्हाही तिने ते दोन शेर गाळलेच होते.

मला मोडी जेमतेम लागते. आणखी दोन ठिकाणी समासात बारीक अक्षरात काहीतरी आहे, ते वाचता येत नाही. पुण्यात मोडी शिकवणारं कुणी सापडलं तर बघ. वही टपालाने पाठवायला दादी तयार नाही, तूच येऊन घेऊन जा म्हणते. आज सकाळपासून दोनदा तिने विचारलं, फोन आला का. संध्याकाळी मगरिबनंतर ती जागी असते. तू फोन कर, आणि आधी सलाम तू कर.

तुझी फूफी