थंडीचा संस्कार

बीज श्रेष्ठ कीं संस्कार श्रेष्ठ, हा वाद आमच्या व्यवसायाइतकाच जुना आहे. विद्यार्थी चमकला कीं अध्यापकमंडळी संस्काराचा पक्ष घेतात, आणि तो नापास झाला कीं 'खाण तशी माती' म्हणून बीजाच्या पक्षाला जाऊन मिळतात! अशा सोयीच्या वादाचा निकाल लागावा, अशी घाई आम्हांस कधींच नव्हती. परंतु अलीकडे गव्हाच्या आनुवंशिकतेविषयीं कांहीं वाचावयाचा योग आला, आणि तृणजातींतील या रोपानें वादाचा उलगडा किती सरळपणें केला आहे, हें पाहून आम्ही थक्क झालों.

आपल्याकडे नोव्हेंबरांत पेरल्या जाणाऱ्या गव्हाहून रशिया व युक्रेन येथील हिंवाळी गहू निराळ्या स्वभावाचा. तो शरदांत पेरतात. बर्फाखालीं तो हिंवाळा काढतो. कित्येक आठवडे थंडी लागल्यावांचून त्याला ओंबी धरत नाहीं. हा थंडीचा प्रभाव जर्मन शास्त्रज्ञ गासनर यांनीं १९१८ सालींच दाखविला होता. पुढें लायसेंको यांनीं बी भिजवून थंडींत ठेवावें व वसंतांत पेरावें, या युक्तीचा मोठा गाजावाजा केला. तेवढ्यावर ते थांबते तर ठीक होतें. पण या संस्कारानें गव्हाची जातच पालटते, आणि हा पालट पुढील पिढ्यांस वारशानें मिळतो, असें ते सांगूं लागले. हुकूम सोडतांच निसर्ग वळतो, हें मत राज्यकर्त्यांस न रुचतें तरच नवल! जगभर हिंडून बियांचे लाखों नमुने जमविण्याचें कार्य ज्यांनीं उभारलें, त्या वाव्हिलोव्ह यांनीं विरोध केला. १९४० सालीं त्यांना अटक झाली, आणि जानेवारी १९४३ मध्यें सारातोव्हच्या तुरुंगांत अन्नावांचून झिजून ते वारले. १९४८ च्या ऑगस्टांत तर त्या देशांत आनुवंशशास्त्रच निषिद्ध ठरलें.

लायसेंको यांच्या मताची मोहिनी आम्ही समजूं शकतों. कोणतेंहि पोर टाकाऊ नाहीं, असें म्हणणारा सिद्धांत शिक्षकाला गोडच वाटणार. म्हणूनच प्रत्यक्ष गव्हाची साक्ष काढली पाहिजे.

गव्हाच्या '५ अ' या गुणसूत्रावर जनुकांचा एक पुंजका आहे. थंडीची चाहूल लागतांच तो इतर अनेक जनुकांना जागें करतो. पेशींत शर्करा साठूं लागते, पेशींचीं आवरणें गोठणाचा ताण सोसण्यास सिद्ध होतात. ज्या वाणांत ही सामग्रीच दुबळी, तो कितीहि थंडी दाखविली तरी कडक हिंवाळ्यांत टिकत नाहीं. येथें बीजाचा जय झाला. परंतु उत्तम वाणाचें रोपहि, गोठणबिंदूच्या किंचित् वरची थंडी कांहीं आठवडे न मिळतां एकाएकीं कडाक्यांत सांपडलें, तर शून्याखालीं थोड्याच अंशांवर मरतें. हळूहळू सरावलेलें तेंच रोप उणे वीस अंशांच्या आसपासहि तग धरूं शकतें. येथें संस्काराचा जय झाला. आणि हा सरावहि कायमचा नव्हे. मध्येंच ऊब आली कीं तो ओसरूं लागतो.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. रोपाला लागलेली थंडी त्याच्या पुरती खरी. तिच्या बळावर तें फुलतें, दाणे धरतें. पण त्या दाण्याची पाटी कोरी असते. त्याला आपला हिंवाळा पुन्हा स्वतःच काढावा लागतो. वारशानें मिळते ती थंडी सोसण्याची पात्रता. सोसलेली थंडी मिळत नाहीं.

पूर्वजांनीं कडाके सोसले म्हणून आपण जात्याच काटक, असें व्यासपीठांवरून सांगणाऱ्या वक्त्यांनीं हें ध्यानीं घ्यावें. आणि आमच्यासारख्या शिक्षकांनींहि. दर जूनमध्यें समोर येणारा वर्ग नवा असतो, गेल्या वर्षींचा सराव त्याच्या कामीं येत नाहीं. आणि पहिल्याच दिवशीं कडाका पाडून शिस्त लागली असें मानणारा गुरु पुष्कळदां चांगलें बीजच गमावून बसतो.