बेताच्या किमतीतला नाद

'परवडणे' या क्रियापदाचा अर्थ आपण फार आखडून टाकला आहे. खिशाला झेपेल ते परवडणारे, एवढेच आपण समजतो. शासकीय सेवेत खरेदीच्या फायली हाताळताना मला त्याची दुसरी बाजू दिसली. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारल्यामुळे कामे बिघडतात, असे लोक म्हणतात. माझा अनुभव निराळा आहे. कामे बिघडतात ती गरजेचे वर्णन नीट न लिहिल्यामुळे. आपल्याला नेमके काय हवे ते एकदा कागदावर उतरले, की स्वस्त वस्तूची भीती वाटत नाही आणि महाग वस्तूचा मोहही पडत नाही. निवृत्तीनंतर हे शहाणपण एका विजेच्या गिटारीसाठी उपयोगी पडले.

मडगावातील माझे शेजारी तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंदांत जॅझ वाजवीत. गोव्यातील चर्चच्या संगीतशाळांत स्वरलेखन शिकून मुंबई गाठणाऱ्या अनेक वादकांपैकी ते एक. त्या वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांनाही आकार दिला. आमच्या जवळच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले ठळक नाव. माझे कान नाट्यगीतांवर आणि देवळातल्या भजनांवर पोसलेले. तरीही तीस वर्षे दर संध्याकाळी कुंपणापलीकडून येणारा तो गोल, मऊ नाद माझ्या दिनक्रमाचा भाग होऊन गेला होता.

शेजारी गेले आणि गिटार नातीकडे आली. पण ती मुकी झाली होती. पिकअपची तार आतून तुटली होती, आणि ते वेटोळे पुन्हा गुंडाळून देणारा कारागीर आम्हांला जवळपास सापडला नाही. नात महाविद्यालयात शिकते, शिकवण्या घेऊन चार पैसे साठवते. तिने मला कोकणीत जे सांगितले त्याचा मथितार्थ असा : "अंकल, नवा पिकअप बसवायचाय. त्यांचा आवाज तुम्हांला पाठ आहे. कसला घ्यायचा ते तुम्ही सांगा." तिच्या बचतीत नामांकित अमेरिकी पिकअप बसत नव्हता, आणि माझ्याकडून पैसे घेण्यास ती तयार नव्हती. म्हणजे दोन गोष्टी सांभाळायच्या होत्या : तिची बचत आणि आजोबांचा आवाज.

वाचकांपैकी पुष्कळांना ही वस्तू अपरिचित असेल, म्हणून थोडे विवेचन करतो. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेले केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेटोळ्यात क्षीण वीज निर्माण होते आणि अँप्लिफायर तिचा आवाज करतो. गिब्सन कंपनीने 1936 साली बाजारात आणलेल्या ईएस-150 या गिटारीत असा पिकअप होता. चार्ली ख्रिश्चन या तरुण वादकाने 1939 पासून बेनी गुडमन यांच्या चमूत ती वाजवली, आणि ठेका धरून मागे बसणारी गिटार सॅक्सोफोनच्या बरोबरीने पुढे आली. 1942 साली, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला.

त्या एकेरी वेटोळ्याला एक खोड होती. तारेच्या कंपनाबरोबर घरातल्या विजेची घरघरही ते टिपत असे. ती अमेरिकेत सेकंदाला 60 आवर्तनांची, आपल्याकडे 50 आवर्तनांची. गिब्सनमधील अभियंता सेथ लव्हर याने शेजारी शेजारी दोन वेटोळी बसवली, एकाची गुंडाळी दुसऱ्याच्या उलट आणि चुंबकाचे ध्रुवही उलट. त्यामुळे घरघर परस्परांना छेदून नाहीशी होते, तारेचा नाद मात्र एकमेकांत मिळून वाढतो. घरघरीला इंग्रजीत 'हम' म्हणतात. ती घालवणारा म्हणून हा 'हंबकर'. लव्हरने 1955 साली पेटंटसाठी अर्ज केला, ते 1959 साली मिळाले. मधल्या काळातल्या पिकअपांवर 'पेटंट अप्लाइड फॉर' अशी चिठ्ठी चिकटवलेली असे. त्या चिठ्ठीचे पिकअप आज हजारो डॉलरना विकले जातात.

दोन वेटोळी तारेचा कंप दोन ठिकाणी टिपतात, म्हणून वरचे काही स्वरांश दबतात आणि नाद गोल होतो. लव्हरला घालवायची होती घरघर. जॅझवाल्यांना वर हा गोलावा मिळाला. तंबोऱ्याच्या घोडीवर जव सरकवून आपण जवारी काढतो, ती स्वरांशांचा झगमगाट उमटावा म्हणून. जॅझच्या स्वच्छ गिटारीचे मागणे नेमके उलटे : मूळ स्वर ठसठशीत असावा, झगमगाट मागे राहावा.

मग मी जुन्या सवयीने गरजेचे वर्णन लिहायला घेतले. पहिले कलम : जागा. दांडीलगत तार ऐसपैस हलते आणि मूळ स्वर भरपूर मिळतो. म्हणून पिकअप दांडीलगतच्या जागेसाठी बनवलेला हवा. दुसरे कलम : गुंडाळी. जुन्या हंबकरांत प्रत्येक वेटोळ्याचे सुमारे 5,000 फेरे असत आणि मीटरवर रोध साधारण साडेसात ते आठ किलो-ओहम भरे. फेरे वाढवले की आवाज जोरकस होतो, पण स्पष्टता जाते आणि अँप्लिफायर चिरकू लागतो. रॉक संगीताला ते हवेच असते. डिमार्झिओ कंपनीने 1972 साली त्यासाठीच 'सुपर डिस्टॉर्शन' हा पिकअप काढला. आम्हांला ते नको होते. तिसरे कलम : चुंबक. अॅल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या मिश्रणाचा अल्निको चुंबक, क्रमांक दोनचा मवाळ किंवा पाचाचा थोडा करारी. चौथे कलम : नको असलेल्या सोयी. चार तारांची जोडणी, वेटोळी वेगळी करण्याचे बटण, सोनेरी झाकण हे सर्व वगळले.

वर्णन पूर्ण झाल्यावर बाजार सोपा झाला. सेमूर डंकन कंपनीचा 'फिफ्टी-नाइन' या वर्णनात चपखल बसतो. पण कोरियन बनावटीचे, अल्निको चुंबकाचे, साडेसात किलो-ओहमच्या आसपासचे साधे हंबकरही त्यात तितकेच बसतात, आणि ते त्याच्या किमतीच्या अंशात मिळतात. तत्त्व तेच, तार तीच, फेरे जवळपास तेवढेच. वाचलेल्या पैशांतून आम्ही सपाट गुंडाळीच्या, सर्वांत बारीक तार 0.012 इंचाची असलेल्या तारांचा संच घेतला. बोट सरकताना त्या तारा कुरकुरत नाहीत. नादात पडलेला फरक पिकअपच्या बरोबरीने या तारांचाही आहे, असे माझे मत झाले.

पिकअप बसवून डाख दिल्यावर खरे काम सुरू झाले. दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून तो तारांपासून थोडा खाली घेतला, तसा आवाज मोकळा झाला. साठीनंतर कानाचा वरचा पल्ला ओसरतो. उंच स्वरांतली धार मला पुरती ऐकू येत नाही. ती पारखण्याचे काम नातीचे. मधला आणि खालचा भरीवपणा मी सांगायचा, कारण तीस वर्षांची साठवण माझ्याकडे होती. टोनची खुंटी अर्ध्याहून थोडी खाली आल्यावर आम्हां दोघांचे एकमत झाले.

तो नाद आजोबांचा आहे काय? नाही. गोलावा तोच आहे, पण स्वर सोडताना ते जो किंचित रेंगाळ ठेवीत, तो पिकअपात नव्हताच. वेस माँटगोमेरी हा थोर वादक नखी न वापरता अंगठ्याच्या मांसाने तार छेडी. त्याचा मऊपणा त्या अंगठ्याचा होता. नातीचा हात वेगळा आहे. ती स्वर जरा लवकर सोडते, पुढच्याकडे उत्सुकतेने धावते. पहिल्या दिवशी मला ते टोचले. आता तसे होत नाही.

जुना पिकअप तिने कागदात गुंडाळून गिटारीच्या पेटीत ठेवला आहे. गुंडाळणारा भेटेल तेव्हा पाहू, असे ती म्हणते. घाई तिला नाही आणि मलाही नाही. कुंपणापलीकडे संध्याकाळ पुन्हा सुरेल झाली आहे, आणि तिच्या बचतीतले काही पैसेही शिल्लक आहेत.