मूग, कौलं आणि एक टेराबाइट

गेम ठेवायला स्वस्तातली हार्ड डिस्क कोणती घ्यावी, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं : 'एसएसडी घे, हार्ड डिस्कचे दिवस गेले.' सल्ला खोटा नाही. फक्त तो देणाऱ्याच्या घरी वायफाय असतं.

माझ्या घरी नाही. कराड तालुक्यातल्या आमच्या घरात फोनचा हॉटस्पॉट हेच इंटरनेट, आणि रोजचा डेटा दीड जीबी. 'रेड डेड रिडेम्प्शन २'ला पीसीवर १५० जीबी जागा लागते. फाइली दाबून येतात म्हणून डाउनलोड त्याहून कमी धरलं, व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा बंद ठेवलं, तरी अडीच महिने. तेवढ्यात शेतात मूग पेरून काढून होतो.

गेल्या वर्षी शिक्षण संपलं आणि जूनअखेर पुण्यातली खोली सोडायची ठरली. खोलीबरोबर तिथलं वायफायही सुटणार होतं. नोकरी लागेपर्यंत मुक्काम गावी. लॅपटॉपमध्ये २५६ जीबीची एसएसडी. विंडोज आणि कॉलेजची कामं वजा जाता एक मोठा गेम जेमतेम मावतो. सेलमध्ये एकेक करून घेतलेले बाकीचे गेम नुसते नावाला माझे राहणार होते. धाकटा भाऊ फोनवर रोज विचारायचा, "ताई, कोणता आणतेयस?" एकच येणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. माझ्याकडे शिकवण्यांचे उरलेले साडेचार हजार रुपये होते.

तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने जवळपास एकाच किमतीचे दोन खोके पुढे ठेवले : १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आणि ५०० जीबीची एसएसडी. "मॅडम, स्पीड बघा ना." मी स्पीडचाच हिशेब केला. फिरत्या तबकडीची साधी डिस्क यूएसबी ३ वर सेकंदाला साधारण १०० एमबी देते. म्हणजे १५० जीबीचा गेम लॅपटॉपवर यायला पंचवीस मिनिटं. एसएसडीला पाच-सहा. फरक वीस मिनिटांचा. तेवढ्यात घरी भाकऱ्या होतात. माझ्या हिशेबात डिस्कच्या समोर एसएसडी नव्हतीच, अडीच महिने होते. आई उन्हाळ्यात कुरडया-पापडांचे डबे भरून ठेवते, तशी ही माझी बेगमी होती. बेगमीला डबा मोठा लागतो.

खेळायचं मात्र या डिस्कवरून नाही. 'सायबरपंक २०७७'ने २०२३ साली किमान गरजांमध्येच एसएसडी लिहिली. 'स्टारफील्ड' तर आलाच त्या अटीसह. म्हणून गेम डिस्कवर ठेवायचे, ज्याची पाळी असेल तो लॅपटॉपवर आणायचा, संपला की परत पाठवायचा.

तुम्हीही घेणार असाल तर चार गोष्टी बघा. आधी आपल्या लॅपटॉपचं पोर्ट. जुन्या यूएसबी २ वर तीच पंचवीस मिनिटं तासावर जातात, मग कितीही भारी डिस्क असो. दुसरं, १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. ही फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. तिसरं, अशा छोट्या डिस्कपैकी बऱ्याच 'एसएमआर' पद्धतीच्या असतात. त्यात माहितीच्या ओळी कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसं जुनं खोडून नवं लिहिताना ही डिस्क रेंगाळते. वाचताना नाही. साठवणीला चालते, रोजच्या अपडेटला जीव खाते. चौथं, दोन हजारांत १६ टीबी विकणाऱ्या जाहिराती. आत बहुतेकदा छोटंसं मेमरी कार्ड असतं आणि आकडा खोटा दाखवायची सोय. 'एच२टेस्टडब्ल्यू' नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्क काठोकाठ भरून वाचून बघतं. खोटी जागा तिथे उघडी पडते.

एवढं करूनही डिस्कमध्ये सगळं राहत नाही. 'द क्रू' या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि ज्यांच्याकडे तो गेम होता, त्यांच्याकडे नुसत्या फाइली उरल्या. आपण विकत घेतो तो बहुतेकदा परवाना असतो. दुसरीकडे, सेव्ह फाइल असते काही एमबींची, पण तीच खरी आपली. गेम पुन्हा उतरवता येतो, भावाबरोबर रात्री जागून पार केलेले टप्पे नाही. फिरत्या तबकडीची डिस्क टेबलावरून पडली की सगळंच जाऊ शकतं. म्हणून माझ्या सेव्ह फाइली डिस्कवर, लॅपटॉपमध्ये आणि एका जुन्या पेनड्राइव्हवर, अशा तीन ठिकाणी असतात.

दिवाळीत कळलं की गावातल्या आणखी दोघांनी 'रेड डेड' सेलमध्ये विकत घेऊन ठेवलाय आणि डेटा पुरत नाही म्हणून तो उतरवलेला नाही. दोघं लॅपटॉप घेऊन आले. आम्ही फोल्डर कॉपी केलं, त्यांनी आपापल्या खात्यावर इन्स्टॉल दाबलं. स्टीमने आधी असलेल्या फाइली तपासल्या आणि जे कमी होतं तेवढंच उतरवलं. आईने तिघांपुढे चहा ठेवला आणि विचारलं, "एवढं काय भरून नेताय रे?"